थांबवणारी टीचर मिळाली : जुळे सोलापुरातल्या योगा क्लासचा रिव्ह्यू

पाच पैकी पाच स्टार देतेय आणि का देतेय ते जरा सविस्तर लिहिते, कारण ऑफिसमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, नात्यात सगळीकडे एकच विचारणा असते, सोलापुरात चांगला योगा क्लास कुठला ओ. क्लास जुळे सोलापुरात आहे, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, खाली छोटासा बोर्ड. बाईंचं नाव-नंबर मी इथं टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय की बॅच भरल्यात, नेटवर नाव नको. पण त्या शिकवतात कशा हे वाचलं तर तुमच्या भागात, मग ते होटगी रोड असू दे, विजापूर रोड असू दे नाहीतर अशोक चौकाकडं, टीचर शोधताना नक्की काय बघायचं ते तुम्हाला कळेल, म्हणून लिहायला घेतलंय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. दिवसभर कॉम्प्युटर, मार्च एंडला तर विचारूच नका, मान आणि कंबर दोन्ही धरलेली. सोबत सासूबाईंना पण न्यायचं होतं, त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात. म्हणजे एकाच क्लासला दोन अगदी वेगळी शरीरं घेऊन जायची होती आणि तिथंच बहुतेक क्लास उघडे पडतात. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आम्ही दोघी आत गेलो, फी घेतली, मॅट दाखवली आणि पाचव्या मिनिटाला आम्ही दोघी तेच आसन करत होतो जे समोरचा वीस वर्षांचा मुलगा करत होता. वय काय, गोळ्या कुठल्या, ऑपरेशन झालंय का, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिकडं गेलो नाही.

ह्या बाईंनी पहिल्या दिवशी एकही आसन करून घेतलं नाही. आधी खुर्चीवर बसवलं आणि विचारत बसल्या. बीपी किती असतं, शेवटचं कधी मोजलं, शुगर आहे का, इन्सुलिन घेता का गोळ्या, थायरॉइड, हर्निया, स्लिप डिस्क, सिझर झालंय का, चक्कर येते का, पाळी चालू असताना त्रास होतो का, दिवस गेलेत का. मग विचारलं काचबिंदू आहे का. सासूबाई म्हणाल्या, डोळ्याचा आणि योगाचा काय संबंध ओ बाई. तर त्यांनी शांतपणे समजावलं की डोकं खाली आणि धड वर अशी जी आसनं असतात त्यात डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढतं, काचबिंदूवाल्याला ते चालत नाही, आणि कित्येकांना आपल्याला काचबिंदू आहे हेच माहीत नसतं म्हणून चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या. मला तिथंच पटलं की इथं आपण नीट हातात आहोत.

आणि सगळ्यात भारी प्रश्न म्हणजे, काम काय करता आणि ते करताना बसता कसं. मला प्रत्यक्ष बसून दाखवायला लावलं! माऊसचा हात कुठं असतो, स्क्रीन किती खाली आहे, पाय जमिनीला टेकतात का. आपल्या सोलापुरात हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण इथं लोकांची शरीरं कामानं घडलेली आहेत. आमच्या बॅचला एक काका आहेत, सगळं आयुष्य यंत्रमागावर उभं राहून काढलेलं, त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या आणि ऐकायला पण कमी येतं, त्या मागांच्या आवाजात वर्षानुवर्षं काढली की येणारच. त्यांना बाई उभ्यानं फार वेळ ठेवत नाहीत, भिंतीला पाय वर लावून झोपवतात, आणि सूचना लांबून ओरडून देत नाहीत, जवळ जाऊन समोरून सांगतात म्हणजे काकांना ओठ दिसतात. हे असलं कुठल्या सर्टिफिकेट कोर्सला शिकवत असतील का माहीत नाही पण हेच तर शिकवणं आहे.

आठवड्यातून एकदा दुपारी बाई पूर्व भागात बिडी कामगार बायकांची बॅच घेतात, तिकडं मी एका रविवारी शेजारच्या अक्कांबरोबर गेले होते. बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून तासन् तास बसते, खांदे पुढं आलेले, बोटं सतत बारीक हलणारी. अशा बाईला परत पुढं वाकायची आसनं देऊन काय उपयोग? बाईंनी त्या दिवशी जवळपास सगळं छाती उघडणारं घेतलं. भिंतीला पाठ लावून हात वर, पाठीखाली गुंडाळी ठेवून आडवं पडणं, मग बोटं आणि मनगटं. बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलणाऱ्या, तर बाई मधेच मेल्लगा मेल्लगा म्हणतात, कन्नड बोलणारी एखादी असली तर निधान निधान, आणि बाकी सगळं मराठीत. त्या बायकांनी इतकं मन लावून केलं, की मला वाटलं योगा म्हणजे महागडे लेगिंग आणि आरसे असं ज्यांना वाटतं त्यांना इथं आणून बसवावं.

आता शिकवायची पद्धत. बाई एकदा करून दाखवतात आणि मग स्वतः करत नाहीत, फिरतात. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खूप ठिकाणी टीचर पुढं उभं राहून आपला स्वतःचा व्यायाम उरकून घेतात, आपण मागं बघून बघून करायचं, आपला गुडघा आत चाललाय का कंबर वाकडी झालीय का हे बघणारं कुणीच नाही. शिकवणाऱ्याचं स्वतःचं पोट आत गेलंय, हातावर उभं राहता येतंय, फोटो छान येतायत, चांगलंच आहे, पण मला फी त्याच्या नजरेची द्यायची असते. ट्रायल क्लासला गेलात तर एवढंच बघा, तासाभरात टीचर तुमच्याजवळ कितीदा आला आणि आल्यावर जे बोलला ते फक्त तुमच्यासाठी होतं का सगळ्यांना म्हणायचं तेच वाक्य होतं.

माझं उदाहरण देते. कपालभाती मी टीव्हीवर बघून बघून करायचे तशीच तिथं पण सुरू केली. बाई आल्या, माझाच तळहात माझ्या पोटावर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, आता बघा श्वास बाहेर जाताना पोट आत जायला पाहिजे, आत येणारा श्वास आपोआप येतो, तो ओढायचा नाही. मग स्पीड कमी करायला लावला, खांदे हलायचे थांबवले, थोडे झटके झाले की विश्रांती. ह्याला त्यांनी सलग कित्येक क्लास दिले. आणि सासूबाईंना बीपी आहे म्हणून कपालभाती आणि भस्त्रिका (जोरजोरात श्वास आत-बाहेर) दोन्ही बंद, श्वास रोखून धरायचा नाही, त्यांच्यासाठी संथ अनुलोम-विलोम (आळीपाळीनं एकेका नाकपुडीनं श्वास) आणि भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज). बागेत सकाळी मोठ्या स्पीकरवर शे-दीडशे लोक एकदम कपालभाती करतात ना, तिथं सासूबाईंच्या वयाचे किती जण बीपीची गोळी खाऊन बसलेले असतात. तिथं चालवणाऱ्या लोकांची सेवाभावना खरी आहे, फुकट करतात, पहाटे उठून येतात, पण शंभर लोकांत कुणाला काय चालत नाही हे एका माइकवरून कळणार कसं? बीपी, हृदयाचा त्रास, हर्निया, दिवस गेलेले असतील तर अशा गर्दीत जोरजोरात पोटाचे झटके देऊ नका, कळकळीनं सांगतेय.

थांबवायचं म्हटलं तर आमच्या बॅचला एक कॉलेजचा पोरगा आला होता, रील बघून शीर्षासन करायचंच म्हणून. बाईंनी त्याला आधी कोपरावरचं फळकुट (प्लँक म्हणतात ते), खांदे, मग अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) असं करत करत ठेवलं, डोकं जमिनीला लावूच दिलं नाही. तो दोनदा चिडला पण. बाई म्हणाल्या, मानेचे मणके एवढे एवढे असतात, सगळ्या शरीराचं वजन त्यांच्यावर टाकायच्या आधी खांद्यांना ते उचलता यायला पाहिजे. दुसरा एक मुलगा गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची संक्रांतीची सिद्धरामेश्वरांची यात्रा) नंदीध्वज म्हणजे उंच जड मानाची काठी पेलतो, संक्रांतीच्या आधी त्यांचा सराव सुरू असतो, कमरेवर केवढा लोड येत असेल विचार करा. त्या दिवसांत बाईंनी त्याला मागं वाकायची जोरदार आसनं पूर्ण बंद केली, फक्त कंबर सैल करणारं आणि शवासन, आणि सराव झाल्यावर लगेच नको, थोडं थांबून ये असं सांगितलं. त्याचं पेलणं सोडून दे असं एकदाही म्हटलं नाही. श्री सिद्धरामेश्वरांची सेवा आहे ती, सोलापूरच्या माणसाला ते सांगायला लागत नाही.

रथसप्तमीला सगळीकडं १०८ सूर्यनमस्कारांची चढाओढ असते. इथं पण सूर्यनमस्कार झाले पण प्रत्येकाला वेगळा आकडा दिला होता आणि श्वास तोंडानं सुरू झाला की तिथंच थांबायचं अशी ताकीद. मला तरी हे फार आवडलं.

चादरीबद्दल लिहायलाच पाहिजे. हॉलच्या एका कपाटात जुन्या सोलापुरी चादरींची चळत आहे, बाहेर ह्यालाच ब्लँकेट आणि बोल्स्टर (लोड) म्हणून हजारो रुपये घेतात. वज्रासनात गुडघा दुखणाऱ्यांना टाच आणि बैठकीच्या मध्ये घडी घालून देतात, त्यानं गुडघ्यावरचा ताण कमी होतो. सर्वांगासनात (खांद्यावर भार, पाय सरळ वर) खांद्याखाली तीन-चार चादरींची सरळ घडी आणि डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मान फार मुडपत नाही. ज्यांना स्पाँडिलायटिस (मानेच्या मणक्यांचं दुखणं) आहे त्यांना सर्वांगासन आणि हलासन (पाय डोक्यामागं नेतात ते) दोन्ही नाहीच. सासूबाई बरीच आसनं खुर्चीवर बसून नाहीतर खुर्ची धरून करतात. ही आधार घेऊन करायची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी रुजवली, पुण्यात १९७५ साली त्यांची इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिथं दोऱ्या, विटा, पट्टे, खुर्च्या सगळं वापरतात. आधार घेतला म्हणजे आपल्याला येत नाही असं काही लोकांना वाटतं, पण पतंजलींच्या योगसूत्रातच आसन कसं असावं तर स्थिर आणि सुखाचं असं म्हटलंय. पाय थरथरतायत, दात आवळलेत, श्वास अडकलाय, तर मग त्यात स्थिर काय आणि सुख काय.

सर्टिफिकेटचा विषय. विचारा, लाजू नका, चांगला टीचर कधी चिडत नाही. बाईंनी स्वतःहून फाइल दाखवली. त्या लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये राहून कोर्स केलेल्या आहेत (ती संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ ला सुरू केलेली, योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायचं काम तिथं चालतं) आणि आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा पण दिलीय. ह्या बोर्डाच्या लेव्हल असतात, प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, त्याच्या वर वेलनेस इन्स्ट्रक्टर, मग टीचर अँड इव्हॅल्युएटर, मग मास्टर, आणि लेखी बरोबर प्रॅक्टिकल पण असतं. म्हणजे कुणी "सरकारी सर्टिफाइड" म्हटलं तर कुठली लेव्हल हे विचारायचं. दुसरं जे खूप ऐकू येतं ते योगा अलायन्स आणि २०० तासांचा टीचर व्हायचा कोर्स. योगा अलायन्स ही अमेरिकेतली नोंदणी करणारी संस्था आहे, ती टीचरची स्वतः परीक्षा घेत नाही, कोर्स घेणारी शाळा वेगळी असते, त्यामुळं नुसतं ते नाव ऐकून खूश होऊ नका, शाळा कुठली आणि कोर्स समोर बसून केला का मोबाइलवर ते विचारा. एकवीस दिवसांत २०० तास म्हणजे रोज साडेनऊ तास होतात, एवढ्यात शरीरशास्त्र, आसनं, प्राणायाम, शिकवायचा सराव, सगळं डोक्यात कधी शिरणार? त्याच्या पुढं त्या माणसानं कुणाच्या हाताखाली किती दिवस शिकवलं ते जास्त महत्त्वाचं. आपल्याकडं योगा शिकवायला कुठला परवाना काढावा लागत नाही, कुणीही बोर्ड लावू शकतो, म्हणून चौकशी आपणच करायची.

आणि एक गोष्ट जिच्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. जो टीचर म्हणेल गोळ्या बंद करा, तिथनं उठून या. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींना एका क्लासमध्ये थायरॉइडची गोळी सोडायला लावली होती, महिन्या-दोन महिन्यांत अंगावर सूज, थकवा, केस गळायला लागले, शेवटी डॉक्टरांनी परत गोळी चालू केली. आमच्या बाई स्पष्ट सांगतात की गोळी कमी करायची का नाही ते डॉक्टर ठरवणार, माझं काम तुम्हाला हलतं ठेवायचं. इन्सुलिन घेणारे एक सर आहेत त्यांना जवळ साखर किंवा बिस्किट ठेवायला लावलंय, कारण व्यायामानं शुगर एकदम खाली येऊ शकते. सासूबाईंचं बीपी आता बरं असतं, झोप पण लागते, पण गोळी चालूच आहे आणि त्याचं श्रेय बाई स्वतःकडं घेत नाहीत.

हात लावण्याबद्दल पण लिहिते कारण बायका बोलत नाहीत. इथं बाई स्वतः बाई असून सुद्धा आधी विचारतात, खांद्याला हात लावू का. नको म्हटलं की तोंडी सांगतात, परत विचारत नाहीत. मागं एका ठिकाणी पश्चिमोत्तानासनात शिकवणाऱ्यानं न विचारता पाठीवर सगळं वजन टाकून दाबलं होतं, मला कितीतरी दिवस मांडीच्या मागची शीर दुखत होती. पुढं वाकलेल्या माणसाला मागनं दाबणं हे शिकवणं नाही, कंबरेत गादी सरकलेली असली तर केवढ्याला पडेल ते. पुरुष टीचर असला तर वाईट असं अजिबात नाही, उत्तम पुरुष टीचर आहेत, फक्त विचारून हात लावतो का ते पहिल्याच दिवशी बघून घ्या, आणि मुलींना पाठवत असाल तर त्यांना नाही म्हणायला शिकवून पाठवा.

शेवटचं शवासन इथं घाईत उरकत नाहीत, आठ-दहा मिनिटं पूर्ण देतात आणि त्या वेळात बाई मोबाइल बघत नाहीत, कुणाला खोकला आला, कुणाची कंबर उचलली जातेय तर गुडघ्याखाली चादर सरकवून जातात.

आता कमी काय आहे ते पण लिहिलं पाहिजे. संध्याकाळच्या बॅचला गर्दी जास्त, हाताला हात लागतो, मी असते तर दोन बॅच केल्या असत्या. हॉलला एसी नाही आणि आपला एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर पारा, संध्याकाळी साडेसहाला पण भिंती तापलेल्या असतात. बाई त्या दिवसांत सूर्यनमस्कार जवळपास बंदच करतात, शीतली-सीत्कारी (तोंडानं श्वास आत घेऊन गारवा देणारे प्राणायाम) घेतात, सकाळची बॅच पावणेसहाच्या जागी सव्वापाचला करतात, पण तरी ज्यांना गरमी सोसत नाही त्यांना जड जाईल. पार्किंग रस्त्यावरच. मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. वेळ झाली की दार लावतात, उशीर झाला तर परत जा. एक सवलत मात्र आहे, नळाला पाणी येतं त्या दिवशी न आल्याबद्दल कुणाला काही विचारत नाहीत, उलट ज्या भागाला पाणी आहे त्यांनी दुसऱ्या बॅचला या म्हणतात. सोलापुरात राहणारीलाच हे सुचणार.

वजन झपाट्यानं कमी करायचं असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, बाई तसं आधीच सांगतात, खाणं आणि चालणं बघा म्हणतात. म्युझिक नाही, घाम गाळणं नाही. माझ्या जावेला कंटाळा आला आणि तिनं सोडला, तिला झुंबा आवडतो, तेही बरोबरच आहे.

फी महिन्याला ८०० रुपये, साठ वर्षांवरच्यांना ५००. तीन महिन्यांचे आधी भरा असला प्रकार नाही, महिन्याचे महिन्याला. मॅट आपली न्यायची, नसेल तर पहिले काही दिवस तिथली चादर देतात. ट्रायल एक दिवस फुकट आहे पण त्या दिवशी मी म्हटलं तसं बहुतेक प्रश्नोत्तरंच होतात.

ऑनलाइनबद्दल दोघी-तिघींनी विचारलंय. बाई ऑनलाइन घेत नाहीत. मला वाटतं जो आधी समोर बसून शिकलाय त्याला मोबाइलवर चालून जाईल, नवीन माणसानं आणि ज्याला काही दुखणं आहे त्यानं तर समोरच शिकावं, त्या छोट्या चौकोनात कुणाचा गुडघा कुठं चाललाय कुणाला दिसणार.

जायचं असेल तर बॅचमधल्या कुणाच्या तरी ओळखीनं जा, नवीन लोक एक तारखेलाच घेतात. जाताना बीपी-शुगरचे शेवटचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची नावं लिहून न्या, सकाळच्या बॅचला अर्धा कप चहा चालतो पण पोटभर नाश्ता नको, संध्याकाळच्या बॅचला यायचं तर दुपारचं जेवण तीन-चार तास आधी झालेलं असू दे, आणि मान किंवा कंबर दुखत असेल तर एक्स-रे काढलेला असल्यास तो पण घेऊन जा, बाई बघायला मागतात.